विणलेला कागदी बदाम: तो उघडत का नाही आणि उघडणारा कसा करायचा

डिसेंबर उजाडला की मला दर वर्षी एकाच प्रकारचे फोटो येतात. लाल-पांढऱ्या कागदाचा बदाम, समोरून सुबक, चौकटी जागच्या जागी. आणि खाली प्रश्न: "सगळं बरोबर केलं, पण हा उघडतच नाही. खाऊ भरायचा कुठे?"

डेन्मार्कमध्ये ख्रिसमसच्या झाडावर टांगतात, तो हा बदाम. दोन रंगांचे दोन दुमडलेले कागद एकमेकांत विणले की बाहेरून बदाम दिसतो आणि आतून पिशवी तयार होते. नॉर्वेत त्याला 'यूलेकुर्व' म्हणतात, म्हणजे नाताळची टोपली. तेव्हा तो उघडलाच पाहिजे, नाहीतर टोपली कसली?

आपल्या लोकांचं चुकतं त्याला कारण आहे. शाळेत हस्तकलेच्या तासाला आपण घोटीव कागदाची चटई विणलेली असते. एक पट्टी वरून, एक खालून. तीच सवय हातात बसलेली असते आणि कागद समोर आला की हात आपोआप तेच करू लागतात. या बदामात वरून-खालून असं काही नाहीच. इथे एक पट्टी दुसरीच्या पोटातून जाते.

परकराचा नेफा आणि नाडी डोळ्यांसमोर आणा. दुमडलेल्या कागदाला घडीकडून चिरा दिल्या की पट्ट्या होतात, म्हणून बदामाची प्रत्येक पट्टी दुहेरी आहे, म्हणजे चपटा नेफाच. दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे एक नेफा होते आणि दुसरी नाडी. पुढच्या भेटीला भूमिका बदलते: मघाची नाडी आता नेफा होते. सगळी विणकाम-विद्या एवढीच. बाकी जे बिघडतं ते मापात आणि कापण्यात.

१. कागद निवडणं

पहिल्या बदामाला साधा रंगीत झेरॉक्सचा कागद घ्या, ८० जीएसएमचा. एक लाल, एक पांढरा. दोन्ही कागद एकाच जाडीचे हवेत. एक जाड आणि एक पातळ घेतलात तर पातळ पट्टी जाडीच्या पोटात चुरगळते.

डेन्मार्कमध्ये यासाठी एका बाजूने चकचकीत रंगाचा पातळ कागद मिळतो. आपला घोटीव कागद त्याचाच भाऊ. दिसतो छान, पण शिकताना तो वापरू नका. घडीवरचा रंग तडकून पांढरी रेघ दिसते आणि ओल्या बोटांना लाल रंग लागतो. तो मग शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर उमटतो. हात बसला की खुशाल घ्या. तेव्हा रंगाची बाजू बाहेर ठेवून दुमडा.

कार्डशीट नको. दोन पदरी पट्टीत दुसरी दोन पदरी पट्टी घालायची म्हणजे चार पदर होतात. जाड कागद तिथे वळतच नाही आणि चिरांच्या टोकाशी फाटतो.

रंग लाल-पांढरेच हवेत असं नाही. जपून राहिलेल्या बदामांमध्ये सर्वांत जुना मानला जातो तो डॅनिश परीकथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या हातचा, १८६० च्या सुमाराचा. तो हिरव्या आणि सोनेरी कागदाचा आहे. फक्त दोन रंगांत फरक ठळक हवा. फिका पिवळा आणि पांढरा घेतलात तर विणताना कोणती पट्टी कोणाची तेच कळत नाही.

२. माप: रुंदीच्या तिप्पट लांबी

एवढं एक सूत्र पाठ करा. कागदाची रुंदी जितकी, त्याच्या तिप्पट लांबी.

शिकण्यासाठी ९ सेंमी रुंद आणि २७ सेंमी लांब तुकडा घ्या. मधोमध दुमडल्यावर तो ९ बाय १३.५ होतो. त्यातला घडीकडचा ९ बाय ९ चा चौरस विणायचा असतो. उरलेल्या ४.५ सेंमीचं अर्धवर्तुळ होतं, तो बदामाचा वरचा गोल गाल. चौरसाची बाजू आणि अर्धवर्तुळाचा व्यास सारखा असल्यामुळेच बदाम बदामासारखा दिसतो. लांबी कमी घेतलीत की गाल चपटे होतात, जास्त घेतलीत की सशाचे कान दिसतात.

ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंमीचा. त्यातून ९ बाय २७ चे दोन तुकडे शेजारी-शेजारी निघतात आणि ३ सेंमी रुंदीची पट्टी उरते. ती टाकू नका, त्यातून बदाम टांगायचे दोन बंद निघतात.

९ सेंमीचा बदाम तयार झाल्यावर साधारण १५ सेंमी रुंद होतो. झाडावर टांगायला तो मोठाच. हात बसला की ६ बाय १८ घ्या, बदाम १० सेंमीचा होईल. ओरिगामीचे १५ सेंमीचे चौरस कागद घरात असतील तर एकातून ५ बाय १५ चे बरोबर तीन तुकडे पडतात. पण पहिला बदाम लहान करू नका. लहान मापात बोटं मावत नाहीत आणि माणूस वैतागून सोडून देतो.

३. साचा

प्रत्येक कागदावर पट्टी-पेन्सिलने आखत बसलात तर दोन भाग कधीच सारखे येणार नाहीत. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा करा.

९ बाय १३.५ चा आयत कापा. एक आखूड बाजू सरळ राहू द्या, ती घडीची बाजू. तिच्यापासून ९ सेंमीवर आडवी रेघ मारा. रेघेच्या पलीकडे ९ सेंमी व्यासाचं अर्धवर्तुळ काढा. कंपास नसेल तर तेवढ्या तोंडाची वाटी पालथी घालून काढा. गोलाई कापून घ्या.

आता चिरांच्या खुणा. तीन पट्ट्यांचा बदाम करायचा आहे, म्हणून ३ आणि ६ सेंमीवर दोन उभ्या रेघा, घडीच्या बाजूपासून वर. या रेघा ९ सेंमीवर थांबवायच्या नाहीत, ९.३ पर्यंत न्यायच्या. वरचे ३ मिलिमीटर कागदाच्या जाडीसाठी आहेत. चार पदर एकमेकांत बसतात तेव्हा तेवढी जागा खातात. जाडसर कागद असेल तर ४ मिलिमीटर ठेवा.

*तपासा:* साच्यावर घडीच्या बाजूला ठळक अक्षरांत 'घडी' असं लिहिलंय ना? नसेल तर आत्ता लिहा. याचं कारण पुढच्याच टप्प्यात आहे.

४. दुमडणं आणि कापणं

लाल कागद मधोमध दुमडा. कडेला कड जुळवा आणि नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घडी पक्की दाबा. साच्यावरची 'घडी' बाजू कागदाच्या घडीवर बरोबर टेकवा. गोल बाजूला दोन पेपर क्लिपा लावा म्हणजे साचा सरकणार नाही. रेघांच्या खुणा फिक्या पेन्सिलने कागदावर उतरवा. ज्या बाजूवर आखाल ती पुढे मागची बाजू होईल, हे लक्षात ठेवा.

मग कापा. आधी चिरा, नंतर गोलाई. गोलाई आधी कापली की क्लिपांना पकड राहत नाही आणि चिरा वाकड्या जातात.

सावधान: चीर घडीकडून सुरू होते आणि गोल टोकाकडे जाते. उलट, म्हणजे गोल बाजूने चिरलंत तर घडी अखंड राहते आणि विणायला पट्टीच उरत नाही. घडीच कापून टाकलीत तर पट्ट्या सुट्या होतात आणि नेफा संपतो. या दोन्ही चुकांना दुरुस्ती नाही. नवा कागद घ्यावा लागतो.

कात्री पूर्ण उघडून लांब घाव घाला. टोकाने कुरतडत गेलात तर काठ करवतीसारखा होतो आणि विणताना अडकतो. मात्र शेवटच्या सेंटीमीटरला हात आखडता घ्या आणि कात्रीचं टोक खुणेवर आलं की थांबा. खुणेच्या पुढे गेलेली चीर बदाम तयार झाल्यावर गालावर उघडी दिसते.

त्याच साच्याने पांढरा कागद कापा. कात्री चांगली धारदार आणि कागद पातळ असेल तर दोन्ही दुमडलेले कागद एकावर एक ठेवून एकदम कापले तरी चालतात.

*तपासा:* लाल भाग पांढऱ्यावर ठेवा. घडी घडीवर, गोलाई गोलाईवर, चिरा चिरांवर बसायला हव्यात. एकीकडची चीर दोन मिलिमीटर जरी आखूड असली तरी आत्ताच वाढवा. शेवटच्या पट्टीशी रडायची वेळ येते ती याच दोन मिलिमीटरमुळे.

५. मांडणी

हातात धरून विणायचा मोह टाळा. पहिले दोन बदाम टेबलावर ठेवून करा.

लाल भाग असा ठेवा की गोल टोक तुमच्याकडे आणि घडी समोर, तुमच्यापासून लांब. पांढरा भाग लालच्या उजवीकडे, गोल टोक उजवीकडे आणि घडी डावीकडे. म्हणजे लाल पट्ट्या उभ्या, पांढऱ्या आडव्या. उजवीकडे खाली दोन्ही गोल टोकं जिथे भेटतील तिथे बदामाची खाच येणार आहे. डावीकडे वर बदामाचं निमुळतं टोक.

लाल पट्ट्यांना उजवीकडून डावीकडे क्रमांक द्या: लाल १, लाल २, लाल ३. पांढऱ्या पट्ट्यांना तुमच्या जवळून लांब: पांढरी १, २, ३. सुरुवातीला पेन्सिलने बारीक आकडे घातलेत तरी हरकत नाही.

६. पहिली पट्टी

विणकाम लाल पट्ट्यांच्या टोकांशी करायचं आणि पट्टी पूर्ण झाली की ती खाली, आपल्याकडे सरकवायची. बरेच जण पट्टी सुरुवातीपासूनच चिरांच्या मुळाशी घुसवायला बघतात. तिथे जागाच नसते.

पांढरी १ घ्या. लाल १ चे दोन पदर अंगठ्याने वेगळे करा, नेफ्याचं तोंड उघडतो तसं. पांढरी १ चं घडीचं टोक त्यातून उजवीकडून आत घाला आणि डावीकडून बाहेर काढा. लाल नेफा, पांढरी नाडी.

आता भूमिका बदला. पांढरी १ चे पदर उघडा आणि लाल २ चं टोक त्यातून ओवा, तुमच्याकडच्या बाजूने आत, पलीकडच्या बाजूने बाहेर. पांढरी नेफा, लाल नाडी.

पुन्हा बदला. पांढरी १ लाल ३ च्या पोटातून काढा.

ही पट्टी आता दोन्ही हातांनी हळूहळू तुमच्याकडे सरकवा, लाल चिरांच्या मुळापर्यंत. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या आमच्या शेजारच्या आजींना मी हे करताना कितीदा तरी पाहिलंय. त्या पट्टी ओढत नाहीत. उजव्या अंगठ्याचं पेर पट्टीच्या पोटात घालून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं डोलवत आणतात, घट्ट बांगडी हातावरून उतरवतात तसं. कागदाला एक सुरकुती पडत नाही.

*तपासा:* वरून पाहिलं तर पहिल्या ओळीत लाल, पांढरा, लाल असे चौकोन दिसायला हवेत. आता खाचेच्या बाजूने बोट आत घालून पाहा. तुमचं बोट ओळीच्या मधोमध, दोन पदर वर आणि दोन पदर खाली, असं जायला हवं. ते अडलं तर कुठेतरी पट्टी नेफ्यातून जाण्याऐवजी वरून किंवा खालून गेली आहे. आत्ताच सोडवा. पुढे जाऊन ते सुधारत नाही.

७. दुसरी पट्टी

पांढरी २ नेमकी उलटी. लाल १ पांढऱ्या २ च्या पोटातून. पांढरी २ लाल २ च्या पोटातून. लाल ३ पांढऱ्या २ च्या पोटातून. सरकवा, पहिलीला घट्ट भिडवा.

आठवायची सोपी खूण: शेजारच्या पट्टीने जिथे नाडीचं काम केलं, तिथे ही पट्टी नेफा होते. डोळ्यांनी पाहायचं तर रंगाच्या खाली तोच रंग येता कामा नये.

भिडवणं टाळू नका. पहिली आणि दुसरी यांच्यात एक मिलिमीटर फट राहिली तर तो मिलिमीटर शेवटच्या पट्टीच्या जागेतून वजा होतो.

८. शेवटची पट्टी

इथे सगळे अडतात. क्रम पहिल्या पट्टीसारखाच: पांढरी ३ लाल १ च्या पोटात, लाल २ पांढऱ्या ३ च्या पोटात, पांढरी ३ लाल ३ च्या पोटात. अडचण क्रमाची नसते, जागेची असते. लाल पट्ट्यांची जेमतेम तीन सेंटीमीटर टोकं शिल्लक असतात.

घाई करू नका आणि जोर तर मुळीच लावू नका. आधी विणलेल्या दोन्ही पांढऱ्या पट्ट्या खाली दाबून घ्या. लाल टोकं किंचित गोलसर वाकवा, म्हणजे नेफ्याचं तोंड उघडं राहतं. पांढरं टोक आत जात नसेल तर बोथट पेन्सिलीने आतून पदर वेगळे करा. शेवटच्या भेटीला, पांढरी ३ आणि लाल ३ जिथे जुळतात तिथे, पांढऱ्या टोकाचा एक कोपरा आधी आत घाला, मग दुसरा. सरळ घुसवायला गेलात तर घडी दुमडते.

तरीही जात नसेल तर तीनच कारणं असतात. आधीच्या पट्ट्या सैल आहेत, किंवा चिरा आखूड आहेत, किंवा पट्ट्यांची रुंदी असमान आहे. पहिलं कारण बोटांनी दूर होतं. दुसऱ्यासाठी शेवटची पट्टी काढून दोन्ही भागांतल्या चिरा २ मिलिमीटर वाढवा. फक्त एकाच भागातल्या वाढवल्या तर बदाम तिरका होतो. तिसऱ्या कारणाला उपाय नाही. साचा पुन्हा नीट करा.

विणून झाल्यावर बदाम उचला आणि चारही बाजूंनी थोडं थोडं ओढून चौकटी सरळ करा. एका दिशेला सगळा ताण देऊ नका, कर्णाच्या दोन टोकांना आलटून पालटून.

*तपासा:* समोरून पाच लाल आणि चार पांढरे चौकोन. चारही कोपरे आणि मधला चौकोन लाल. मागूनही तसंच. दोन्ही गालांमध्ये बोटं घालून उघडा, तळापर्यंत पिशवी झाली पाहिजे.

चिरेच्या मुळाशी बारीक फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, चकाकी दिसते. त्याच रंगाच्या कागदाचा इवलासा तुकडा आतून गोंदाच्या कांडीने लावा.

९. बंद

उरलेल्या पट्टीतून १.५ सेंमी रुंद आणि २० सेंमी लांब बंद कापा. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटीमीटर गोंदाची कांडी फिरवा. एक टोक पुढच्या बाजूला आतून, खाचेच्या लगेच खाली. दुसरं मागच्या बाजूला आतून, त्याच जागी. मिनिटभर चिमटीत धरा.

पातळ फेव्हिकॉल इथे नको. ओल्याने कागद फुगतो आणि वाळल्यावर खाचेजवळ सुरकुत्या पडतात. बंद बाहेरून चिकटवणारेही खूप आहेत. दिसायला वाईट, आणि खाऊ भरला की तो सुटतो.

चार पट्ट्यांकडे जाताना

तीन पट्ट्यांचे दोन-तीन बदाम न अडखळता झाले की ८ बाय २४ चा कागद घ्या, दोन-दोन सेंटीमीटरच्या चार पट्ट्या, तीन चिरा, चिरेची लांबी ८.३. क्रम तोच, फक्त पट्ट्या सम असल्याने पांढरी ४ दुसरीसारखी, म्हणजे उलटी जाते. आठ चौकोन लाल, आठ पांढरे. खाचेचा आणि टोकाचा चौकोन लाल असेल, दोन्ही बाजूंचे कोपरे पांढरे.

पट्ट्या असमान रुंदीच्या ठेवूनही सुंदर नक्षी येते, उदाहरणार्थ ८ सेंमीत १, २, २, २, १. दोन्ही भागांत रुंदीचा क्रम एकच ठेवा. एक सेंटीमीटरहून बारीक पट्टी नको, ती सरकवताना पिळते. वक्र चिरांचे नमुने मनाने आखू नका. पट्ट्यांच्या वळणांचा एकमेकांशी मेळ बसावा लागतो आणि तो अंदाजाने बसत नाही.

भरताना आणि टांगताना

डेन्मार्कमध्ये यात मसाल्याच्या इवल्या बिस्किटांपासून बेदाणे-बदामांपर्यंत काहीही घालतात. आपली शंकरपाळी घालायची तर आधी आत बटर पेपरचा तुकडा बसवा, नाहीतर तासाभरात तुपाचे डाग बाहेर उमटतात. ९ सेंमीच्या बदामात मूठभर हलका खाऊ ठीक. जास्त भरलंत तर चौकटी सरकतात आणि मधे फटी पडतात.

इथे डेन्मार्कमध्ये बऱ्याच घरांत २४ डिसेंबरच्या संध्याकाळी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावतात. तुमच्याकडे तसं असेल, किंवा पणत्यांच्या जवळ हे बदाम टांगणार असाल, तर ज्योतीच्या वर किंवा शेजारच्या फांदीवर अजिबात नको. ज्योतीच्या खालच्या फांदीवर, आणि तेही बाजूला सरकवून.

सण झाल्यावर खाऊ काढा, आत कण राहिले नाहीत ना ते उलटं करून झटका, बंद आत दुमडा आणि बदाम सपाट करून जुन्या वहीच्या पानांमध्ये ठेवा. मुंग्या लागल्या तर त्या एकाच बदामावर थांबत नाहीत, म्हणून झटकणं विसरू नका.